भरवशाचे हत्यार, भरवशाचा माणूस : हुतात्मा अनंत कान्हेरे

आपल्या पारोळ्याचा भुईकोट किल्ला आपण रोज येता-जाता पाहतो. पडके बुरूज, खचलेली तटबंदी, खंदकाच्या खुणा. हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ साली हा किल्ला बांधला. झाशीच्या नेवाळकर घराण्याची एक शाखा इथे नांदली, आणि त्या नात्यामुळेच १८५७ च्या वादळाचा तडाखा या गावालाही बसला. १८५९ साली इंग्रजांनी इथली जहागीर जप्त केली आणि किल्ला मोडून टाकला. काळाने पाडलेली भिंत आणि राज्यकर्त्याने पाडलेली भिंत यांत फरक असतो. पहिली पाहून मन हळहळते, दुसरी पाहून मनात प्रश्न उठतो. ज्याचा किल्ला पाडला, ज्याच्या हातातले हत्यार काढून घेतले, त्याने पुढे काय करावे?

पुढे पन्नास वर्षांनी, आपल्या खानदेशाला लागूनच असलेल्या नाशिकात एका मुलाने या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले. त्याचे नाव अनंत लक्ष्मण कान्हेरे. त्या वेळी त्याचे वय अठराच्या आसपास होते, म्हणजे आपल्या प्रथम वर्ष कला वर्गात तो सहज बसला असता. म्हणूनच या लेखात त्याला, आपल्याच बाकावरच्या मित्राला म्हणावे तसे, एकेरीत संबोधतो आहे. यात अनादर नाही, जवळीक आहे.

अनंताचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातील आयनी या लहानशा गावी, १८९० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत झाला. घर साध्या परिस्थितीचे. दोन भाऊ, दोन बहिणी. कोकणातल्या कितीतरी मुलांप्रमाणे शिक्षणासाठी त्याला घर सोडावे लागले. प्राथमिक शिक्षण निजामाबादला झाले. इंग्रजी शिक्षणासाठी तो तेव्हाच्या औरंगाबादेत मामांकडे आला. थोरले बंधू गणपतराव बार्शीला असत. काही काळ त्यांच्याकडे राहून १९०८ साली तो पुन्हा औरंगाबादेस परतला आणि गंगाराम रूपचंद श्रॉफ यांच्या घरात भाडेकरू म्हणून राहू लागला.

हे गंगाराम मारवाडी समाजातले, अनंत कोकणस्थ ब्राह्मण. पण दोघांचे मैत्र असे जडले की अनंताने त्या मैत्रीवर 'मित्रप्रेम' नावाची एक कादंबरीच लिहून काढली. ज्या हाताने पुढे पिस्तूल धरले तो हात आधी लेखणी धरणारा होता, ही गोष्ट आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. येवल्याचे टोणपे हे गंगारामांचे मित्र. नाशिकचे गणू वैद्य हत्यारांच्या शोधात येवल्याला येत. या साखळीतून अनंताचा नाशिकच्या गुप्त मंडळाशी संबंध आला. त्याच्या मनाची कसोटी पाहण्यासाठी त्याला तापलेले लोखंड धरायला लावले, दिव्याच्या ज्योतीवर हात धरायला लावला, आणि तो मुलगा कण्हलासुद्धा नाही, अशी कथा त्याचे चरित्रकार सांगतात. कथेचा तपशील कसाही असो, तिचा आशय स्पष्ट आहे. माणूस भरवशाचा आहे की नाही, हे त्या मंडळींना हत्यार हाती देण्याआधी पाहायचे होते.

आता नाशिकची परिस्थिती पाहू. सावरकर बंधूंनी उभारलेली 'अभिनव भारत' ही संस्था तिथे रुजली होती. धाकटे विनायकराव १९०६ साली बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी लंडनला गेले, तेव्हा इकडची धुरा थोरले बंधू गणेशपंत, म्हणजे बाबाराव, वाहत होते. कवी गोविंदांच्या देशभक्तिपर कविता छापल्याबद्दल बाबारावांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शिक्षा सत्र न्यायालयाने दिली. पण खटला पुढे पाठवला तो नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी. कवितांचे एक चोपडे छापले म्हणून आयुष्यभर अंदमान! या अन्यायाची आग तरुणांच्या मनात पेटली, आणि तिचा रोख जॅक्सन यांच्यावर वळला.

परंतु आग मनात असणे वेगळे आणि हत्यार हाती असणे वेगळे. १८७८ च्या हत्यार कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले होते. युरोपियनांना मात्र या परवान्यातून सूट होती. तलवारी देवघरात, नाहीतर सरकारजमा. म्हणून क्रांतिकारकांपुढचा पहिला प्रश्न अगदी व्यवहारी होता. कोणते हत्यार घ्यावे, ते कोठून आणावे आणि ते ऐन वेळी चालेल याचा भरवसा काय?

बॉम्बचा मार्ग बंगालने चोखाळून पाहिला होता. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफर्ड या न्यायाधीशासाठी बॉम्ब टाकला. गाडी दुसरीच निघाली आणि दोन निरपराध स्त्रिया बळी पडल्या. बॉम्बला माणूस ओळखता येत नाही, हा धडा त्यातून मिळाला. पिस्तुलाला निदान नेम असतो.

पिस्तुलातही दोन जाती होत्या. एक सहाबारी, म्हणजे रिव्हॉल्व्हर. तिच्या मध्यभागी फिरणारे जाड चक्र, त्यात पाच-सहा काडतुसे. रचना साधी. एखादे काडतूस फुसके निघाले तर चाप पुन्हा ओढताच चक्र फिरून पुढचे काडतूस समोर येई. परंतु त्या चक्रामुळे ते हत्यार फुगीर दिसे. कोटाच्या खिशात लपेना. दुसरी जात नवी होती. ती अर्धस्वयंचलित. हिच्यात चक्र नसते. काडतुसे मुठीतल्या खोबणीत एकावर एक रचलेली असतात. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, रिकामे टरफल बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवे काडतूस नळीत सरकवतो. पुढच्या गोळीसाठी फक्त चाप ओढायचा. हत्यार चपटे, आटोपशीर आणि त्या काळच्या सहाबारीपेक्षा एखादे काडतूस अधिकच घेणारे.

ही किमया ज्याने सर्वांत यशस्वीपणे साधली, त्याची थोडी ओळख इथे करून देणे अप्रस्तुत होणार नाही. जॉन मोझेस ब्राउनिंग याचा जन्म १८५५ साली अमेरिकेत यूटा प्रांतातल्या ऑग्डन या गावी, एका बंदूक-कारागिराच्या घरी झाला. बापाच्या दुकानात भंगारातले तुकडे जोडत तो शिकला. आयुष्यात त्याने १२८ पेटंटे मिळवली. त्याच्या पिस्तुलाचा आराखडा बेल्जियममधल्या लीएज शहराजवळच्या हेर्स्टाल येथील कारखान्याने घेतला आणि १९०० सालापासून ती पिस्तुले यंत्रावर हजारोंच्या संख्येने निघू लागली. यंत्रावर घडल्यामुळे एकाचा भाग दुसऱ्याला बसे. कारागिराच्या हाताच्या लहरीवर काही अवलंबून नसे. सुटे भाग थोडे, म्हणून बिघाडही थोडा. संख्येने अधिक, म्हणून किंमतही आवाक्यात. थोड्याच वर्षांत युरोपात ब्राउनिंग हे नाव पिस्तूल या शब्दाचा पर्यायच होऊन बसले. १९१४ साली साराजेव्होत ज्या गोळ्यांनी पहिल्या महायुद्धाची ठिणगी पडली, त्याही ब्राउनिंगच्याच आराखड्याच्या पिस्तुलातून सुटल्या होत्या. हा कारागीर १९२६ साली लीएजच्या कारखान्यातच, काम करता करता वारला. आपल्या यंत्राने कोठे कोठे इतिहास घडवला याचा हिशेब त्याने कधी मांडला असेल का, कोण जाणे!

किमतीचीही एक नोंद आहे. मदनलाल धिंग्रा यांनी जानेवारी १९०९ मध्ये लंडनच्या गॅमेज या दुकानातून कोल्ट बनावटीचे अर्धस्वयंचलित पिस्तूल विकत घेतले. आराखडा त्याच ब्राउनिंगचा. किंमत तीन पौंड पाच शिलिंग, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे एकूणपन्नास रुपये. विलायतेत त्यासाठी दहा शिलिंगांचा परवाना टपाल कचेरीत मिळत असे. मग टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या एका नेमबाजीच्या जागेत धिंग्रांनी तीन महिने सराव केला. १ जुलै १९०९ रोजी त्यांनी कर्झन वायलींवर गोळ्या झाडल्या. त्यात मध्ये पडलेले डॉ. लालकाका हेही मृत्यू पावले. पिस्तुलाला नेम असतो खरा, पण तोही प्रत्येक वेळी एकाच माणसापाशी थांबत नाही, हे इथे दिसले.

राज्यकर्त्याच्या देशात टपाल कचेरीत जो हक्क मिळे, तो राज्य केल्या जाणाऱ्या देशात गुन्हा होता. ही विसंगती त्या तरुणांना किती डाचली असेल, याची कल्पना आज आपल्याला यायची नाही.

१९०९ च्या फेब्रुवारीच्या सुमारास विनायकराव सावरकरांनी पॅरिसहून वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे मिळवली. लंडनच्या 'इंडिया हाऊस'मध्ये स्वयंपाकी म्हणून काम करणारा चतुर्भुज अमीन हिंदुस्थानात परतत होता. त्याच्या सामानातल्या एका पेटीला दुहेरी तळ करून त्यात ही पिस्तुले दडवली. पेटी मुंबईच्या बंदरात उतरली, जकातीच्या डोळ्यांतून सुटली. मात्र ती पोचण्याआधीच बाबाराव अटकेत पडले होते. ज्यांच्यासाठी माल आला ते तुरुंगात, आणि माल मात्र सुखरूप. पुढे त्यांतली काही पिस्तुले नाशिककरांच्या हाती लागली.

नाशिकात कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे हे दोघे पुढाकार घेणारे. कर्वे पदवीधर आणि कायद्याचे विद्यार्थी, तर देशपांडे पंचवटीतले शिक्षक. आणि औरंगाबादहून बोलावलेला अनंत. काम त्याने पत्करले. पिस्तूल चालवायला तो शिकला. जाण्यापूर्वी आई-वडिलांजवळ आठवण राहावी म्हणून त्याने स्वतःचे छायाचित्र काढून घेतले, असे सांगतात. अठरा वर्षांच्या मुलाने आपल्या मागे काय ठेवावे याचा विचार करीत छायाचित्रकारासमोर उभे राहावे, या प्रसंगापाशी माझी लेखणी थबकते.

जॅक्सन यांची मुंबईला बदली झाली होती. त्यांच्या निरोपानिमित्त २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीचा 'संगीत शारदा'चा प्रयोग ठेवला होता. देवलांचे नाटक, बालगंधर्वांची भूमिका, सारे प्रतिष्ठित नाशिक लोटलेले. जॅक्सन आपल्या जागेकडे चालले असता अनंत उठला आणि त्याने अगदी जवळून गोळ्या झाडल्या. जॅक्सन कोसळले आणि गतप्राण झाले. अनंताला स्वतःचा शेवट स्वतःच करायचा होता, परंतु तेवढ्यात त्याला पकडण्यात आले. कर्वे आणि देशपांडेही तिथेच, गरज पडल्यास पुढे सरसावण्यासाठी हजर होते. त्यांची गरज पडली नाही. पिस्तुलाने दगा दिला नाही, आणि मुलानेही नाही.

खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला. आरोपी सात. अनंताने आपले कृत्य नाकारले नाही. २९ मार्च १९१० रोजी निकाल लागला. अनंत, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी, सोमण, वामन जोशी आणि गणेश वैद्य यांना जन्मठेप, दत्तात्रय जोशी यांना दोन वर्षे सक्तमजुरी. १९ एप्रिल १९१० रोजी सकाळी ठाण्याच्या तुरुंगात तिघांनाही फाशी देण्यात आले. देह नातेवाइकांच्या स्वाधीन केले नाहीत. खाडीकाठीच त्यांचे दहन झाले. मागे राहिले ते एक छायाचित्र आणि एक कादंबरी.

इथे आपला लेख संपवता आला असता. पण ज्या गोष्टीसाठी मी हे चरित्र लिहायला घेतले, ती यापुढेच आहे.

मंडळींनी हत्यार फार विचाराने निवडले होते. लहान, परवडणारे आणि ऐन वेळी न अडणारे. ती निवड अचूक ठरली. पण वीस पिस्तुले एका जागेहून दुसऱ्या जागी जातात तेव्हा त्यांच्याबरोबर माणसेही गुंततात. कोणी पेटी भरली, कोणी उचलली, कोणी लपवली, कोणी वाटली. पोलिसांनी नाशिकच्या एका पिस्तुलाचा धागा धरला आणि तो ओढत ओढत ते लंडनपर्यंत पोचले. पेटी आणणारा चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला. १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर विनायकरावांना अटक झाली. नाशिक कटाच्या खटल्यात ३८ जणांवर आरोप ठेवले गेले आणि डिसेंबर १९१० मध्ये २७ जण दोषी ठरले. विनायकरावांना त्या खटल्यात एक आणि जॅक्सन खुनाला मदत केल्याबद्दल जानेवारी १९११ मध्ये दुसरी, अशा दोन जन्मठेपा, म्हणजे एकूण पन्नास वर्षे काळे पाणी झाले. संघटनेचा कणाच मोडला. पिस्तूल दुकानात पारखून घेता येते. माणूस मात्र संकटाच्या घटकेलाच पारखला जातो, आणि तोवर वेळ गेलेली असते.

तरी चतुर्भुजाला दोष देऊन मोकळे होणे मला सोपे वाटते. पोटासाठी स्वयंपाक करणारा एक माणूस फासाच्या सावलीत काय बोलेल, याची परीक्षा आपल्यापैकी कोणी दिलेली नाही. म्हणूनच अनंताची गोष्ट आपल्याला दिपवते. ज्योतीवर धरलेला हात त्याने शेवटपर्यंत मागे घेतला नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. जॅक्सन हे निव्वळ क्रूर अंमलदार नव्हते. संस्कृतचा त्यांचा व्यासंग होता आणि मराठी त्यांना येत होते. लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणत. गुजरात आणि कोकण या भागांतल्या लोकसमजुतींची त्यांनी जमवलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. आपल्या मराठी विभागात लोकसाहित्याचा अभ्यास करणाऱ्यांना ती आजही उपयोगी पडतील. असा माणूस बाबारावांचा खटला पुढे पाठवणारा अधिकारीही होता. गुलामगिरीचे खरे क्रौर्य इथे आहे. कादंबरी लिहिणारा मुलगा आणि लोककथा जमवणारा पंडित एरवी एकमेकांना पुस्तकांविषयी भेटले असते. पारतंत्र्याने त्यांची भेट नाट्यगृहाच्या वाटेवर, पिस्तुलाच्या दोन टोकांना घडवून आणली.

त्याच वर्षी, नोव्हेंबर १९०९ मध्ये, लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर गांधीजींनी 'हिंद स्वराज' लिहिले. लंडनमधल्या क्रांतिकारकांशी झालेल्या वादाची पार्श्वभूमी त्याला होती. हिंसेने मिळालेले स्वराज्य हे स्वराज्यच नव्हे, असा त्यांचा दावा. विजयानंदमधल्या गोळ्या त्यानंतर महिनाभराने सुटल्या. एकाच काळात, एकाच प्रश्नाला मिळालेली ही दोन उत्तरे. आपल्या सभांतून आणि वादविवाद स्पर्धांतून आपण त्यांपैकी एकाला टाळ्या देतो आणि दुसऱ्याला हसतो. मला वाटते, दोघांनीही आपल्या उत्तराची किंमत स्वतः मोजली. ज्याने काहीच मोजलेले नाही त्याने हसताना थोडे थांबावे.

आज नाशिकात अनंत कान्हेरे यांच्या नावाचे मैदान आहे. मुले तिथे क्रिकेट खेळतात. त्या मुलांच्या वयाचाच तो होता. आज आपल्याला कोणाला पिस्तूल निवडायचे नाही, आणि निवडण्याची वेळ येऊही नये. स्वतंत्र देशाने आपल्याला मत दिले आहे, लेखणी दिली आहे, न्यायालयाचे दार दिले आहे. ही हत्यारे ब्राउनिंगच्या पिस्तुलापेक्षा लवकर गंजतात, कारण ती वापरावी लागतात हेच आपण विसरतो. ती भरवशाची राहतील की नाही, हे ती धरणाऱ्या हातांवर अवलंबून आहे.

संध्याकाळी किल्ल्याच्या बुरुजावर बसून परीक्षेच्या गप्पा मारताना आपल्यातल्या एखाद्याला तरी त्या अठरा वर्षांच्या मुलाची आठवण व्हावी, आणि आपण कोणाच्या भरवशाला उतरलो आहोत का, असे त्याने स्वतःला विचारावे. एवढे घडले तरी या लेखाचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.